पहिला बाण, दुसरा बाण : स्तनाच्या कॅन्सरची वेदना आणि सम्यक स्मृतीचा प्रवास

आंबेडकरी तरुणांच्या बैठकीत ध्यानाचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, विपश्यना, स्मृती, माइंडफुलनेस हे सगळे लढणाऱ्या माणसाला डोळे मिटून बसवण्याचे उद्योग आहेत. बाबासाहेबांनी आपल्याला डोळे उघडायला शिकवले, मिटायला नाही. दुसरा तट म्हणतो, धम्म म्हणजेच साधना, बाकी सगळे राजकारण. हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे आणि बहुतेक वेळा तो हवेतच चालतो. ध्यानाने नेमके काय होते, काय होत नाही, हे कुणी तपासून पाहिले आहे का, हा प्रश्न दोन्ही तट विचारत नाहीत.

म्हणून हा वाद एका ठोस जागी आणून तपासू. ती जागा म्हणजे स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईचे शरीर. ऑपरेशन झाले, केमो झाली, रेडिएशन झाले. डॉक्टर म्हणाले, रोग गेला. पण काख दुखते, दंडाच्या आतल्या बाजूला आग होते, छातीवर ओढ लागते, हात वर जात नाही. घरचे म्हणतात, आता तर बरी झालीस ना? तिच्या या वेदनेवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ज्या उपायांचे शास्त्रीय प्रयोग झाले, त्यांत एक उपाय तथागतांच्या सम्यक स्मृतीतून आलेला आहे. तो कुठून निघाला, कुणाच्या हातून गेला, रुग्णालयात पोचेपर्यंत त्यातले काय गळले, हा इतिहास आपल्याला माहीत हवा. हा इतिहास दोन्ही तटांना निम्मे बरोबर आणि निम्मे चूक ठरवतो.

जखम कशी झाली?

आधी वेदनेचा इतिहास पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड या शल्यविशारदाने स्तनाच्या कॅन्सरसाठी एक मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळे एकाच वेळी काढायचे. जितके जास्त कापू तितका रोग मुळासकट जाईल, अशी समजूत होती. ही समजूत सुमारे ऐंशी वर्षे टिकली. अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत अशी पद्धत होती की गाठ तपासण्यासाठी बाईला भूल द्यायची, गाठ कॅन्सरची निघाली तर तिला न उठवता तिथेच स्तन काढायचा. शुद्धीवर आल्यावर तिने छातीला हात लावून पाहायचे, स्तन आहे की गेला.

याविरुद्ध बायका उभ्या राहिल्या. रोझ कुशनर ही पत्रकार स्वतः या रोगातून गेली होती. तपासणी वेगळी आणि ऑपरेशन वेगळे, मधला निर्णय बाईचा, यासाठी ती झगडली. १९७९ साली अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद बोलावली, त्यात ती सदस्य होती आणि त्या परिषदेने हीच शिफारस केली. दुसरीकडे बर्नार्ड फिशर या डॉक्टरने मोठ्या प्रयोगांतून दाखवले की योग्य रुग्णांमध्ये फक्त गाठ काढून रेडिएशन दिले तरी बाई तितकीच जगते. १९८५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याआधी १९८० मध्ये ऑड्रे लॉर्ड या काळ्या कवयित्रीने आपल्या कॅन्सरवर 'द कॅन्सर जर्नल्स' हे पुस्तक लिहिले. स्तन काढल्यावर खोटा स्तन लावून काही झालेच नाही असे दाखवायला तिने नकार दिला. आपण गप्प राहिलो तर आपल्यासारख्या बायका एकमेकींना ओळखणार कशा, हा तिचा सवाल होता. ज्यांनी दलित पँथर आणि ब्लॅक पँथर यांचे नाते वाचले आहे, त्यांना हा सवाल परका वाटणार नाही.

शस्त्रक्रिया लहान झाली, पण वेदना संपली नाही. काखेतून दंडाकडे जाणारी एक बारीक नस ऑपरेशनमध्ये ताणली किंवा कापली जाते. जखम भरते, पण नस चुकीचे निरोप पाठवत राहते. रेडिएशनने कातडी आणि स्नायू आखडतात. काही औषधांनी सांधे धरतात. काखेतल्या गाठी काढल्याने हाताला सूज येते. डेन्मार्कमध्ये २००५ आणि २००६ साली ऑपरेशन झालेल्या ३,२५३ बायकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑपरेशनला दोन-तीन वर्षे उलटून गेल्यावरही त्यांतल्या ४७ टक्के बायकांना वेदना होती. जवळजवळ निम्म्या! काखेतल्या सगळ्या गाठी काढलेल्या बायकांमध्ये, रेडिएशन घेतलेल्यांमध्ये आणि तरुण बायकांमध्ये वेदनेचे प्रमाण जास्त होते. हा आकडा लक्षात ठेवा. जिथे सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांना मोफत मिळते, त्या देशातला हा आकडा आहे.

सल्ल आणि सल

आता तथागतांकडे येऊ. संयुत्त निकायात वेदनेवर एक स्वतंत्र विभाग आहे. त्यातल्या सल्लसुत्तात बुद्धांनी दिलेला दृष्टान्त असा. एखाद्याला बाण लागतो. लगेच त्याच जागी दुसरा बाण लागतो. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा. दुसरा बाण मनाचा. हे माझ्याच वाट्याला का, हे कधी थांबणार, रोग परत आला तर, माझ्या मुलांचे काय, हा सगळा कल्लोळ म्हणजे दुसरा बाण. ज्याने मनाला वळण लावले आहे त्यालाही पहिला बाण लागतोच. बुद्ध त्याला अमर किंवा दगड करत नाहीत. पण दुसरा बाण त्याला टाळता येतो.

बाणाला पालीत 'सल्ल' म्हणतात आणि आपल्या मराठीतला 'सल' त्याच कुळातला आहे. मनात सल राहिला, जखम सलते, असे आपली आजी म्हणते तेव्हा ती नकळत याच दृष्टान्ताच्या भाषेत बोलत असते.

पण त्याच वेदनेच्या विभागात आणखी एक सुत्त आहे, ते आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे. मोलिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात की माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्माचे फळ असते, तुमचे काय मत? बुद्ध हे मत सरळ चूक ठरवतात. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा बिघाड, ऋतुमान, शरीराची हेळसांड, दुसऱ्याने केलेला आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे ते सांगतात. ही कारणे लोकांना प्रत्यक्ष दिसतात, म्हणून सगळे पूर्वकर्मावर ढकलणारे सत्याला सोडून बोलतात, असे त्यांचे म्हणणे. आठांपैकी सात कारणे वैद्याने, समाजाने आणि माणसाने तपासण्याजोगी आहेत. आणि दुसऱ्याने केलेला आघात हे कारण बुद्धांनी वेगळे मोजले आहे, हे विसरू नका.

आपल्याकडे कॅन्सर झालेल्या बाईला आजही काय ऐकावे लागते? मागच्या जन्मीचे भोग. कुणाचे तरी वाईट केले असेल. हे ब्राह्मणी कर्मकांडाचे उरलेसुरले विष आहे आणि ते आपल्या वस्त्यांतही शिल्लक आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बुद्धांचा असूच शकत नाही असे ठामपणे मांडले. गरिबाला त्याच्या गरिबीचा गुन्हेगार ठरवण्याची ही युक्ती आहे, हे त्यांनी ओळखले होते. आजाऱ्याला आजाराचा गुन्हेगार ठरवणे ही त्याच युक्तीची दुसरी बाजू.

इथे कुणी म्हणेल, बुद्धांनीच तर सांगितले आहे की बाण कुणी मारला हे विचारत बसू नका. हा आक्षेप नेहमी येतो, म्हणून उत्तर दिले पाहिजे. ती कथा मालुंक्यपुत्ताची. तो विचारत होता, जग शाश्वत आहे की अशाश्वत, मृत्यूनंतर तथागत असतात की नसतात. अशा निरुपयोगी प्रश्नांसाठी तो दृष्टान्त आहे. आणि त्या दृष्टान्तात जखमी माणसाचे नातलग सगळ्यात आधी काय करतात? शल्य काढणाऱ्या वैद्याला बोलावतात. ध्यानाला बसवत नाहीत. आधी वैद्य, ही धम्माची शिकवण आहे. महावग्गात अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदासह स्वतःच्या हाताने धुतले आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा आहे असे संघाला बजावले. प्रवचन त्यानंतर.

रंगून, बोधगया, वूस्टर

भारतातून धम्म हुसकला गेला, पण स्मृतीची परंपरा शेजारी टिकली. ब्रह्मदेशात १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतले, राजा गेला, धम्माचा राजाश्रय गेला. तेव्हा लेडी सयाडॉ या भिक्खूंनी धम्म टिकवायचा तर तो सामान्य लोकांच्या हाती दिला पाहिजे असे ठरवून गृहस्थांना अभिधम्म आणि ध्यान शिकवायला सुरुवात केली. त्यांनी ज्याला शिकवण्याची परवानगी दिली त्या सया तेत्जी यांचा व्यवसाय शेती होता. चीवर न घालता एक शेतकरी ध्यानाचा आचार्य झाला. त्यांच्याकडे १९३७ साली ऊ बा खिन शिकले, ते सरकारी हिशेब खात्यातले अधिकारी. त्यांच्याकडून सत्यनारायण गोयंका शिकले, १९६९ साली भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचे केंद्र सुरू झाले. दुसरी शाखा महासी सयाडॉ यांची. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, तेव्हा त्याच शहरात सहावी धम्मसंगीती चालू होती आणि तिच्यात प्रश्नकर्त्याचे काम महासी सयाडॉ करत होते.

या महासींच्या हाताखाली दोन बंगाली बौद्ध शिकले, दोघेही चितगावच्या बरुआ समाजातले. एक अनागारिक मुनिंद्र. १९५० च्या दशकात त्यांनी बोधगयेच्या महाबोधी विहाराची देखरेख केली होती. दुसऱ्या दीपा मा, म्हणजे नानीबाला बरुआ. दोन मुले गेली, नवरा गेला, स्वतः हृदयविकाराने खंगलेल्या, अशा अवस्थेत ही बाई ध्यानाकडे वळली आणि पुढे कलकत्त्यातल्या साध्या घरात राहून शेजारणींना शिकवू लागली. बोधगयेत आणि कलकत्त्यात या दोघांकडे काही अमेरिकन तरुण आले. त्यांतले जोसेफ गोल्डस्टीन, शॅरन साल्झबर्ग आणि त्यांचे सहकारी जॅक कॉर्नफिल्ड यांनी १९७५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बॅरी गावाजवळ ध्यानकेंद्राची संस्था उभी केली.

त्या केंद्रात साधनेला येणाऱ्यांत जॉन कबाट-झिन नावाचा रेण्वीय जीवशास्त्राचा डॉक्टरेट झालेला माणूस होता. त्याने झेन गुरूंकडेही शिक्षण घेतले होते. १९७९ साली त्याने वूस्टर शहरातल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात एक उपक्रम सुरू केला. ज्या रुग्णांना डॉक्टरांनी सांगितले होते की आता आमच्याकडे तुमच्यासाठी काही नाही, ते रुग्ण माझ्याकडे पाठवा. सुरुवातीला दहा आणि पुढे आठ आठवड्यांचा वर्ग. आठवड्यातून एकदा गटात बसायचे, रोज घरी सराव करायचा. श्वासाकडे लक्ष. पायाच्या बोटापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवातल्या संवेदना क्रमाने पाहणे. ऊ बा खिन यांच्या परंपरेतून आलेली ही पद्धत विपश्यना केलेल्या कुणालाही ओळखू येईल. हलकी आसने. वेदना आली तर तिच्याशी भांडायचे नाही, ती नेमकी कुठे आहे, कशी आहे, वाढते की ओसरते, ते पाहायचे.

१९८२ मध्ये त्याने ५१ जुनाट वेदनेच्या रुग्णांचे निष्कर्ष छापले. त्यांतल्या ६५ टक्के रुग्णांची वेदना मोजपट्टीवर एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त उतरली होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून हा पुरावा कच्चा होता. पण दार उघडले.

प्रयोग काय सांगतात?

कॅनडातल्या कॅल्गरी शहरात मायकेल स्पेका आणि लिंडा कार्लसन यांनी हीच पद्धत कॅन्सरच्या रुग्णांसाठी बेतली. २००० साली ९० रुग्णांवरचा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले होते आणि वर्ग केलेल्या गटात मनाची अस्वस्थता आणि ताण बराच कमी झाल्याचे दिसले. त्यानंतर स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या बायकांवर अनेक देशांत प्रयोग झाले.

खास वेदनेवरचा महत्त्वाचा प्रयोग डेन्मार्कमधल्या आरहुस विद्यापीठाच्या संशोधकांचा आहे. उपचार संपूनही वेदना टिकून राहिलेल्या १२९ बायका त्यात होत्या. निम्म्या बायकांना स्मृतीवर आधारलेला आठ आठवड्यांचा वर्ग दिला, बाकीच्यांना नेहमीची सेवा देऊन प्रतीक्षा यादीत ठेवले. २०१६ साली निष्कर्ष आले. वर्ग केलेल्या बायकांच्या वेदनेची तीव्रता मध्यम प्रमाणात उतरली आणि वर्ग संपल्यावर सहा महिन्यांनीही फरक टिकून होता. दुकानातून स्वतःहून घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्याही कमी झाल्या. सगळ्याच मोजमापांत मात्र फरक पडला नाही.

हे कसे होते, यावरही काम झाले. निरोगी स्वयंसेवकांच्या कातडीला तापलेला चटका देऊन केलेल्या प्रयोगात काही दिवसांच्या सरावानंतर वेदनेची तीव्रता कमी झाली, पण तिचा जाच त्याहून जास्त कमी झाला. अडीच हजार वर्षांपूर्वीचे दोन बाण आता दोन वेगळ्या मोजपट्ट्यांवर मोजता येतात, असे म्हणायला हरकत नाही.

पण इथे शिस्तीने बोलले पाहिजे, कारण आपण प्रज्ञेची भाषा करतो. कॅन्सर ध्यानाने बरा होत नाही. वेदना नाहीशी होत नाही, काहींची कमी होते, काहींची होत नाही. प्रतीक्षा यादीतल्या गटाशी केलेली तुलना ही सगळ्यात कडक तुलना नव्हे. गटात बसून मिळालेल्या आधाराचा वाटा किती आणि स्मृतीचा किती हे तिच्यातून वेगळे निघत नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवरील अशा प्रयोगांचा एकत्र आढावा २०१९ मध्ये निघाला. चिंता, नैराश्य आणि थकवा यांत सुरुवातीच्या महिन्यांत थोडा लाभ दिसतो, दोन वर्षांनी तो टिकल्याचे फारसे दिसत नाही, असा त्याचा सूर आहे. म्हणजे हा चमत्कार नाही. एक उपयोगी, स्वस्त आणि मर्यादित साधन आहे. गोयंका यांच्या परंपरेतही विपश्यनेचा हेतू शरीराचे रोग बरे करणे हा नाही असेच सांगितले जाते. म्हणून कुणी उपचार सोडून शिबिराला जा म्हणत असेल, तर तो धम्मही सांगत नाही आणि विज्ञानही नाही.

वाटेत काय गळले?

कबाट-झिनने जाणीवपूर्वक बुद्धाचे नाव बाजूला ठेवले. ख्रिस्ती, ज्यू, नास्तिक, कोणताही रुग्ण यावा, रुग्णालयाने दार बंद करू नये, हा त्याचा विचार होता. त्यात रुग्णांचे भलेच झाले. धम्म कुणाच्या बापाची मालमत्ता नाही, आपली तर नाहीच. पण नावाबरोबर आणखी दोन गोष्टी गळल्या. शील गळले आणि संघ गळला. अष्टांगिक मार्गातले एक अंग उचलले, सात मागे राहिली. मग पुढची पायरी सोपी होती. कंपन्यांनी तेच तंत्र कर्मचाऱ्यांना शिकवले, कामाचे तास आणि पगार तसाच ठेवून. फौजेत गेले. मोबाईलवर महिन्याच्या वर्गणीने विकले जाऊ लागले. रोनाल्ड पर्सर या अमेरिकन प्राध्यापकाने, जो स्वतः बौद्ध साधक आहे, २०१९ साली 'मॅकमाइंडफुलनेस' या पुस्तकात यावर टीका केली. त्याचा मुद्दा आपल्याला लगेच पटेल. दुःखाचे कारण समाजात आणि व्यवस्थेत असताना ते माणसाच्या डोक्यात आहे असे सांगितले, की व्यवस्था सुटते आणि माणूस अडकतो.

कॅन्सरच्या बाबतीत हे फार क्रूर होते. सकारात्मक राहा, मन खंबीर ठेव, म्हणजे बरी होशील. आणि बरी झाली नाही तर? मग तिचे मनच कमी पडले. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नव्या कपड्यांत परत आला.

बाबासाहेबांनी ही फट आधीच पाहिली होती. त्यांच्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी चार आर्यसत्यांवरच प्रश्न उभा केला, कारण जीवन म्हणजे दुःखच असे म्हटले तर धम्म निराशावादी ठरतो. पण दुःख त्यांनी टाकले नाही. दुःखाचे अस्तित्व ओळखणे आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखवणे हा धम्माचा पाया आहे, अशी त्यांची मांडणी आहे. सम्यक स्मृतीलाही त्यांनी वगळले नाही. मनाची सततची जागरूकता असा तिचा अर्थ सांगितला. समाधीबद्दल तर त्यांनी नेमका भेद केला. नुसती एकाग्रता काही काळ विकार थांबवते, ती पुरेशी नाही. मनाला कुशलाचा विचार करण्याची कायमची सवय लावते ती सम्यक समाधी. आज रुग्णालयातल्या माइंडफुलनेसवर जो वाद जगभर चालू आहे, त्याचे उत्तर या 'सम्यक' शब्दात आहे. ध्यानाला भोंदूपणा म्हणून सोडणाऱ्यांनी हा भाग वाचावा. ध्यानालाच धम्म मानणाऱ्यांनी तो दोनदा वाचावा.

आपल्या बायकांचा पहिला बाण

आता आपल्या देशात येऊ. भारतीय स्त्रियांमध्ये सगळ्यात जास्त होणारा कॅन्सर हा स्तनाचा आहे. जागतिक अंदाजानुसार २०२२ साली देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण स्त्रिया होत्या आणि सुमारे ९८ हजार बायका या रोगाने गेल्या. आपल्याकडे बाई रुग्णालयात पोचते तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. गाठ दुखत नाही म्हणून ती सांगत नाही. सांगितले तर कामाचा खाडा परवडत नाही. पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज. तालुक्याला सोय नाही. उशिरा निदान म्हणजे मोठे ऑपरेशन, काखेतल्या गाठी काढणे, रेडिएशन. डेन्मार्कच्या पाहणीत जास्त वेदनेशी जोडलेल्या गोष्टी आठवा, त्यांतल्या दोन नेमक्या याच. म्हणजे वस्तीतल्या बाईच्या काखेतली कळ काही अंशी तिच्या गरिबीतून आणि दुर्लक्षातून आलेली असते. हा पहिला बाण दैवाने मारलेला नाही.

आणि तो अडवता येतो, हेही मुंबईतच सिद्ध झाले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या स्त्री आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी निम्म्या वस्त्यांतल्या बायकांचे स्तन हाताने तपासत. महागडे यंत्र नाही, शिकवलेला हात. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. तपासणी झालेल्या गटात पुढच्या टप्प्यातल्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. लवकर सापडलेली गाठ म्हणजे लहान ऑपरेशन, आणि लहान ऑपरेशनमध्ये नसा वाचण्याची शक्यता जास्त. हे कोणत्याही ध्यानाने होत नाही. हे संघटनेने, सरकारी पैशाने आणि बाईने बाईला हात लावून पाहण्याने होते.

औषधाचे तेच. रोग पसरलेल्या रुग्णाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. त्यासाठी लागणारी अफू भारतात कायदेशीर परवान्याने पिकते आणि परदेशी जाते. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या जाचक परवान्यांमुळे आपल्याच रुग्णालयांतून मॉर्फिन जवळपास नाहीसे झाले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तरी गावातल्या रुग्णापर्यंत ते आजही सहज पोचत नाही. ज्या बाईला गोळी मिळायला हवी तिला श्वासाकडे लक्ष दे म्हणून सांगणे हा धम्म नव्हे, ती फसवणूक आहे.

मग आपण काय करायचे?

केरळने एक वाट दाखवली आहे. १९९३ साली कोझिकोडमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनामुक्तीचे काम सुरू केले. पुढे ते शेजारपाजारच्या सामान्य स्वयंसेवकांनी उचलले. आठवड्यातून काही तास रुग्णाच्या घरी जायचे, औषध पोचवायचे, बोलायचे. २००८ साली केरळ सरकारने त्यासाठी धोरणच केले. आपल्याकडे गावोगावी विहारे आहेत, महिला मंडळे आहेत, दर रविवारी वंदनेला लोक जमतात, वर्षावासात ग्रंथवाचन होते. एवढी तयार संघटना क्वचितच कुणाकडे असेल. बाबासाहेबांनी भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस असावा की समाजसेवक, असा प्रश्न विचारून ठेवला आहे. तो प्रश्न विहारालाही लागू आहे.

विहारात आठ आठवड्यांचा गट चालवता येईल. कॅन्सरमधून गेलेल्या पाच-सात बायका, आठवड्यातून दोन तास. आधी फिजिओथेरपिस्टने शिकवलेले हाताचे व्यायाम. मग वीस-तीस मिनिटे श्वासाचे आणि शरीराचे निरीक्षण, बसून किंवा पडून, कुणाला त्रास झाला तर लगेच थांबून. मग मोकळे बोलणे: काय दुखते, घरी कोण काय बोलते, कोणती गोळी परवडत नाही. शेवटी कामाची यादी. कुणाचा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा कागद अडला आहे, कुणाच्या हाताची सूज वाढली म्हणून डॉक्टरकडे न्यायचे आहे, कुणाची नसेच्या वेदनेची औषधे सुरूच झालेली नाहीत. त्याच बायका वस्तीतल्या इतर बायकांना गाठीची तपासणी करून घ्यायला सांगतील, त्यांच्याइतके खात्रीने ते कोण सांगणार? आणि कार्यकर्त्यांनी जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन आहे का, वेदना उपचार कक्ष आहे का, तालुक्याला तपासणी होते का, हे माहितीच्या अधिकारात विचारायचे आणि मिळेपर्यंत पाठपुरावा करायचा.

यात प्रज्ञा आहे, कारण आपण पुराव्यापेक्षा जास्त दावा करत नाही. करुणा आहे, कारण आपण बाईला एकटी सोडत नाही. समता आहे, कारण तिच्या वेदनेची किंमत डेन्मार्कच्या बाईच्या वेदनेइतकीच आहे असे आपण व्यवस्थेला बजावतो. बाबासाहेबांनी धम्म स्वीकारण्याची कारणे सांगताना हीच तीन तत्त्वे सांगितली होती.

दुसरा बाण उपटण्याची विद्या आपल्याच मातीतून निघाली आणि रंगून, कलकत्ता, वूस्टर, आरहुस अशी फिरून प्रयोगशाळेच्या कसोटीला उतरून परत आली आहे. ती लाजून टाकून देण्याचे कारण नाही. पण पहिला बाण कुणी मारला, तो का मारता आला आणि पुढच्या बाईला तो लागू नये म्हणून काय करायचे, हे प्रश्न विचारण्याचे काम ध्यान करणार नाही. ते काम आपले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!